पाळी जाण्याच्या वयातली घालमेल : कोलकात्यातून दिसणारा एक इतिहास



विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटेल, हा आपल्या कामाचा नाही. पण जरा हिशेब करा. तुम्ही १८ ते २२ वर्षांचे आहात. म्हणजे तुमची आई, मावशी, काकू किंवा तुम्हाला शिकवणाऱ्या एखाद्या मॅडम बहुधा ४० ते ५५ या वयात आहेत. भारतात पाळी कायमची थांबण्याचे सरासरी वय ४६ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या जवळ आहे. थांबण्याआधी काही वर्षे पाळी अनियमित होते. याच वर्षांत अनेक बायकांना पूर्वी कधी नव्हती अशी घालमेल सुरू होते. कारण नसताना छातीत धडधडते, पहाटे तीनला जाग येते, फोन वाजला तरी जीव दचकतो.

या घालमेलीचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत. तो पाहायला कोलकाता ही चांगली जागा आहे. वेड्यांची इस्पितळे, स्त्री डॉक्टर, मन शांत करणारे औषध आणि मन मोकळे करण्याची ओपीडी या चारही गोष्टींचे महत्त्वाचे टप्पे त्या शहरात घडले. वाचताना एक प्रश्न डोक्यात ठेवा : या घालमेलीला प्रत्येक काळाने काय नाव दिले, आणि त्या नावामुळे बाईच्या वाट्याला कोणता उपचार आला?

१. नाव नसलेला काळ

सुश्रुतसंहितेत पाळी सुरू होण्याचे वय १२ आणि थांबण्याचे वय ५० दिलेले आहे. म्हणजे पाळी थांबते ही गोष्ट आपल्या वैद्यकाला जुन्या काळापासून माहीत होती. ११ व्या शतकातले बंगालचे वैद्य चक्रपाणिदत्त यांच्या ग्रंथात अति रक्तस्रावावर अशोकाच्या सालीचा दुधातला काढा सांगितला आहे. आजही बंगालमध्ये आणि महाराष्ट्रात अशोकारिष्टाची बाटली कितीतरी घरांत सापडते. पण या नोंदी रक्तस्रावाच्या आहेत. डोळ्यांना दिसते त्याचा उपचार लिहिला गेला. मनात चालते ते वात, उन्माद अशा सर्वसाधारण सदरांत गेले. त्याचा या वयाशी वेगळा संबंध जोडला गेला नाही.

बोलीभाषेत मात्र शब्दांची कमतरता नव्हती. मराठीत छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, कशात मन लागत नाही, उगाच रडू येते. बंगालीत 'बुक धडफड' करते, 'माथा गरम' होतो. दोन्ही भाषांत त्रास शरीराच्या शब्दांत सांगितला जातो. हे लक्षात ठेवा, कारण डॉक्टरसमोर बसलेली बाई 'मला चिंताविकार आहे' असे सहसा म्हणत नाही. ती म्हणते, 'डॉक्टर, छातीत कसंतरी होतंय.' मग ईसीजी निघतो, तो नॉर्मल येतो आणि 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' असे सांगून तिला घरी पाठवले जाते.

युरोपातही हे नाव जुने नाही. 'मेनोपॉज' हा शब्द गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२१ मध्ये रूढ केला. लंडनचे डॉ. एडवर्ड टिल्ट यांनी १८५७ मध्ये या वयावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात शारीरिक तक्रारींच्या जोडीला मज्जासंस्थेच्या तक्रारींची लांबलचक यादी दिली. याच टिल्ट यांनी पुढे भारतात राहणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांच्या आरोग्यावरही पुस्तक लिहिले. भारतीय स्त्रिया त्या पुस्तकाच्या वाचक नव्हत्या, हे वेगळे सांगायला नको.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'पूर्वी माणसे पन्नाशीपर्यंत जगतच नव्हती, म्हणून हा प्रश्नच नव्हता,' असे पुष्कळदा ऐकू येते. १९४१-५१ च्या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, हे खरे. पण ती सरासरी बालमृत्यूंनी खाली ओढलेली होती. लहानपण आणि बाळंतपणे यांतून वाचलेल्या बायका पन्नाशी गाठत होत्या. आजी, पणजी, विधवा आत्या घराघरांत होत्या. प्रश्न होता, फक्त तो कुणी लिहून ठेवत नव्हते.

२. शरीरात नेमके काय होते?

इतिहासात पुढे जाण्याआधी आजचे शास्त्र थोडक्यात पाहू, म्हणजे जुन्या कल्पना कुठे चुकल्या आणि कुठे बरोबर होत्या ते कळेल. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात कंट्रोल सिस्टिम्स शिकवते, म्हणून त्याच भाषेत सांगते.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडते. त्याच्या हुकमावरून बीजकोशात बीज वाढते आणि इस्ट्रोजेन तयार होते. इस्ट्रोजेन आणि बीजकोशातूनच येणारे इन्हिबिन बी हे दोघे पिट्युटरीला उलट निरोप पाठवतात, 'आता पुरे.' हे सरळ फीडबॅकचे वर्तुळ आहे. चाळिशीत बीजे कमी होतात, इन्हिबिन बी घटते, 'पुरे' म्हणणारा आवाज क्षीण होतो. मग पिट्युटरी अधिक जोराने हुकूम सोडू लागते. उरलेली बीजे कधी त्याला अतिरेकी प्रतिसाद देतात, कधी अजिबात देत नाहीत. कंट्रोलरचा गेन वाढला आणि प्लांट थकला की आउटपुट डोलायला लागते, तसेच हे. म्हणून या काळात इस्ट्रोजेन सरळ रेषेत उतरत नाही. ते वरखाली होते, आणि काही महिन्यांत तर तरुणपणापेक्षाही जास्त असते.

याचा मनाशी तीन वाटांनी संबंध येतो. पहिली वाट प्रोजेस्टेरॉनची. त्यापासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो आणि तो मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर काम करून मन शांत ठेवतो. झोपेच्या अनेक गोळ्या याच रिसेप्टरवर काम करतात. हा पुरवठा अनियमित झाला की मेंदूचा घरचा शांतवणारा पदार्थच बेभरवशाचा होतो. दुसरी वाट तापमानाची. मेंदूतला थर्मोस्टॅट जास्त हळवा होतो, थोड्याशा उष्णतेनेही अंगातून गरम वाफा निघतात, हृदयाचे ठोके वाढतात. ही धडधड आणि भीतीने होणारी धडधड आतून सारखीच जाणवते. तिसरी वाट झोपेची. रात्री घामाने जाग येते, आणि सलग महिनाभर झोप मोडली तर कुणाचेही मन चिंतातुर होईल.

अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'स्वॉन' या अभ्यासात ३,३०२ स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. त्यातून २०१३ मध्ये पुढे आलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या स्त्रिया आधीपासून चिंताग्रस्त होत्या त्यांची चिंता या काळात फारशी बदलली नाही. ज्या आधी शांत होत्या, त्यांच्यात मात्र तीव्र चिंतेची शक्यता वाढली. म्हणजे 'हिचा स्वभावच तसा आहे' हे स्पष्टीकरण बऱ्याच जणींच्या बाबतीत सपशेल चूक ठरते.

३. वेडाच्या खात्यात

आता १९ व्या शतकातल्या कोलकात्यात जाऊ. तेव्हा मनाच्या त्रासाला सरकारदरबारी एकच दार होते, वेड्यांच्या इस्पितळाचे. कोलकात्यात युरोपियनांसाठी भवानीपूरचे आणि देशी लोकांसाठी दलंदाचे असे वेगवेगळे इस्पितळ होते. १८५८ च्या कायद्याने वेड्यांना दाखल करण्याची रीत ठरवून दिली. दरवर्षी अहवाल निघत, आणि त्यांत वेडाच्या कारणांचा तक्ता असे. देशी रुग्णांच्या तक्त्यात गांजाचा आकडा ठळक दिसतो.

असा तक्ता वाचताना सावध राहायला हवे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. पोलिसाने आणलेल्या माणसाबद्दल कारकुनाने जे लिहिले ते त्या रकान्यात आहे. घरातल्या घरात जिवाची घालमेल सोसणारी बाई त्या तक्त्यात कशी येणार? तिला तिथे येण्यासाठी आधी 'वेडी' ठरावे लागे, आणि एकदा तसे ठरले की घरी परत येणे अवघड होई.

ब्रिटिश मनोवैद्यकातही याच काळात हे वय वेडाच्या वर्गीकरणात गेले. डेव्हिड स्के यांनी १८६३ मध्ये केलेल्या वर्गीकरणात पाळी जाण्याच्या वयातल्या वेडाचे स्वतंत्र सदर होते. जर्मनीत क्रेपेलिन यांनी १८९६ मध्ये उतारवयातल्या मेलँकोलियाचा वेगळा आजार मांडला. तो अमेरिकन निदानसूचीत १९८० पर्यंत टिकला. १९७९ मध्ये मर्ना वाइसमन यांनी उपलब्ध माहिती तपासून दाखवले की त्या वयातल्या नैराश्याचे रूप इतर वयांतल्या नैराश्यापेक्षा वेगळे नाही. पुढच्याच वर्षी ते निदान वगळले गेले.

पण येथे एक गंमत झाली. चुकीचे नाव गेले, त्याबरोबर प्रश्नही गेला. 'पाळी जाण्याचा मनाशी काही संबंध नाही' असे काही काळ मानले गेले. संबंध आहे, पण तो वेडाचा नाही, हे मांडायला पुढची वीस-पंचवीस वर्षे लागली.

४. सांगायचे कुणाला?

बाईने हे सांगायचे तरी कुणाला? येथे एका मराठी मुलीचा कोलकात्याशी आलेला संबंध आठवतो. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते. १८८१ मध्ये त्यांची बदली कोलकात्याला झाली, मग जवळच्याच श्रीरामपूरला. तिथल्या महाविद्यालयात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला वैद्यक शिकायला का जात आहोत, याचे जाहीर भाषण केले. वय १८ सुद्धा पूर्ण नव्हते. या देशात स्त्री डॉक्टरांची, आणि त्याही इथल्या समाजातून आलेल्या डॉक्टरांची गरज आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. पुरुष डॉक्टरला सांगायला संकोच वाटतो म्हणून बायका दुखणे अंगावर काढतात, हे त्या काळचे उघड वास्तव त्यामागे होते. एप्रिलमध्ये त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या.

त्याच १८८३ मध्ये कादंबिनी गांगुली यांनी कोलकाता मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. पुढे त्यांनी तिथल्या लेडी डफरिन इस्पितळात काम केले. १८९१ मध्ये एका बंगाली नियतकालिकाने त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. त्या कोर्टात गेल्या, जिंकल्या, संपादकाला तुरुंगवास झाला. बायकांचे ऐकून घेणाऱ्या बाईला स्वतःसाठी किती झगडावे लागले, ते यावरून कळते.

१८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला. त्यातून देशभर स्त्रियांसाठी दवाखाने निघाले. हे मोठे काम होते. पण त्याचा रोख बाळंतपणावर होता. बाळंतपणात बायका मरत होत्या, त्यामुळे ते योग्यच होते. मात्र त्यातून एक सवय लागली : स्त्रीचे आरोग्य म्हणजे मातृत्वाचे आरोग्य. आजही आपल्या सरकारी योजनांची नावे आठवून पाहा, बहुतेक गरोदर माता आणि बालक यांच्या आहेत. मूल होण्याचे वय सरले की बाई योजनेच्या कागदावरून उतरते.

५. कोलकात्याचे पहिले दार : सर्पगंधा

१९३१ मध्ये कोलकात्याच्या 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या नियतकालिकात एक लेख आला. लेखक होते कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस. विषय होता सर्पगंधा, म्हणजे वेड आणि उच्च रक्तदाब यांवरचे एक भारतीय औषध. बिहार-बंगालकडे या मुळीला 'पागल की दवा' म्हणत. गणनाथ सेन आयुर्वेदाचे पंडित होते आणि आधुनिक वैद्यकही शिकलेले होते. घरगुती मुळी आधुनिक नियतकालिकात नेण्यासाठी असाच दुहेरी माणूस लागतो. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी या मुळीतून अजमलीन वेगळे केले. १९३३ मध्ये कोलकात्याच्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला.

पुढचा टप्पा मुंबईचा. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले आणि जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये सीबा या स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रेसर्पिन वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते वापरल्याचे प्रसिद्ध केले. खळबळलेले रुग्ण शांत होत होते. आधुनिक मनोवैद्यकातल्या पहिल्या औषधांपैकी एकाची वाट अशी कोलकात्यातून गेली.

पण गोष्ट इथे संपत नाही. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये खोल उदासी येते, असे डॉक्टरांनी नोंदवले. त्या नोंदींवर पुढे वाद झाले, तरी एक धडा उरला. रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिनसारख्या पदार्थांचा साठा रिकामा करते. माणूस गप्प झाला म्हणजे त्याचे मन शांत झाले, असे होत नाही. घरातली बाई बडबड थांबवून गप्प बसली, याचा अर्थ ती बरी झाली असा आपण काढतो, तेव्हाही हा धडा आठवावा.

६. कोलकात्याचे दुसरे दार : बोलण्याची ओपीडी

सर्पगंधेवरचा लेख आला त्याच सुमारास कोलकात्यात दुसरे एक दार उघडत होते. गिरींद्रशेखर बोस हे डॉक्टर. १९२१ मध्ये त्यांनी कोलकाता विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९२२ मध्ये पारसीबागान लेनमधल्या आपल्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि ते फ्रॉइडचे सगळेच मान्य करत नव्हते. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिच्या उलट इच्छा दडलेली असते, असा त्यांचा स्वतःचा सिद्धांत होता.

येथे फ्रॉइडचा एक संदर्भ सांगायला हवा. १८९५ च्या लेखात त्यांनी चिंतेचा विकार इतर मज्जाविकारांपासून वेगळा काढला. तो कुणाकुणात दिसतो त्या यादीत पाळी जाण्याच्या वयातल्या स्त्रियाही होत्या. कारण मात्र त्यांनी लैंगिक ऊर्जेत शोधले. म्हणजे बाईचे निरीक्षण झाले, पण अर्थ आधीच ठरलेला होता.

बोस यांचे आपल्या विषयासाठी सर्वांत मोठे काम १९३३ चे आहे. कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात, त्यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण इस्पितळातला असा हा देशातला पहिला विभाग मानला जातो. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. इस्पितळात डॉ. के. के. मसानी यांनी तसाच विभाग सुरू केला. १९४० मध्ये बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय काढले. त्यासाठी जागा दिली ती त्यांचे बंधू, बंगालीतले प्रसिद्ध विनोदी लेखक राजशेखर बोस यांनी.

ओपीडी हा शब्द आज आपल्याला साधा वाटतो. पण तिचा अर्थ नीट पाहा. केसपेपर काढायचा, डॉक्टरशी बोलायचे आणि संध्याकाळी आपल्या घरी परत यायचे. दाखल व्हायला नको, 'वेडी' ठरायला नको, शेजारी ताप-खोकल्याचे रुग्ण बसलेले. १८५८ च्या कायद्याने एकच मोठे दार ठेवले होते आणि त्यातून आत गेलेला सहज बाहेर येत नसे. १९३३ च्या ओपीडीने एक छोटे दार उघडले, त्यातून येता-जाता येत होते. चिंतेसारख्या त्रासासाठी, ज्यात माणूस घर चालवतो, नोकरी करतो आणि आतून पोखरला जातो, हे छोटे दारच खरे उपयोगाचे. माझ्या मते सर्पगंधेइतकेच हे कोलकात्याचे देणे मोलाचे आहे, पण त्याची चर्चा फार कमी होते.

७. 'कमतरता' हे तिसरे नाव

दरम्यान पश्चिमेत तिसरे नाव पुढे आले. १९२९ मध्ये इस्ट्रोजेन शुद्ध रूपात हाती लागले आणि १९४२ मध्ये अमेरिकेत प्रेमॅरिन ही गोळी बाजारात आली. १९५५ मध्ये मिल्टाऊन ही चिंता शमवणारी गोळी तिथे तुफान खपली. मग कंपन्यांनी दोन्ही एकत्र केल्या : मिलप्रेम या गोळीत इस्ट्रोजेनही होते आणि मिल्टाऊनमधले औषधही. बाईला काय होते आहे हे विचारण्याआधीच तिच्या शरीराचे आणि मनाचे उत्तर एका गोळीत तयार होते. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांच्या गाजलेल्या पुस्तकाने पाळी जाणे हा कमतरतेचा आजार आहे आणि हार्मोन घेतल्यास बाई कायम तरुण राहील, असा प्रचार केला.

जुलै २००२ मध्ये धक्का बसला. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ची १६,६०८ स्त्रियांवरची एकत्रित हार्मोनची चाचणी मुदतीआधी थांबवली गेली, कारण स्तनांचा कर्करोग, पक्षाघात यांचा धोका वाढलेला दिसला. जगभर स्त्रियांनी रातोरात गोळ्या सोडल्या. पुढे बारकाईने पाहता कळले की त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, फार त्रास होणाऱ्या आणि इतर धोके नसलेल्या स्त्रियांसाठी हिशेब वेगळा निघतो, असे आज तज्ज्ञ मानतात. आधी सर्वांना द्या, मग कुणालाच नको, आणि शेवटी कुणाला ते तपासून ठरवा, असा हा प्रवास आहे.

चौथा मार्ग कापून टाकण्याचा. १८७२ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट बॅटी यांनी मज्जासंस्थेच्या तक्रारींवर निरोगी बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. ती पुढे बदनाम होऊन मागे पडली. पण आपल्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचा सारा काळ एका दिवसात अंगावर कोसळतो. फडावर एक दिवस खाडा झाला की दंड भरावा लागतो, अशा ठिकाणी पाळीचा त्रास म्हणजे मजुरीचा तोटा. तिथे उपचार दुखण्याने ठरला नाही, कामाच्या हिशेबाने ठरला.

८. समाज बदलला की त्रास बदलतो का?

१९७५ मध्ये मार्शा फ्लिंट या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने राजस्थान आणि हिमाचलातल्या ४८३ राजपूत स्त्रियांचा अभ्यास मांडला. पाळी गेल्याचा त्रास त्यांच्यापैकी फारशा कुणी सांगितला नाही. उलट पडदा सुटला, पुरुषांत बसता-बोलता येऊ लागले, मान वाढला. आपल्याकडेही 'पाळी गेली, सुटले एकदाची' असे म्हणणाऱ्या आज्या होत्याच. बाजूला बसणे संपले, देवघर खुले झाले. मार्गारेट लॉक यांनी १९९३ मध्ये जपानी स्त्रियांबद्दल लिहिले की अंगातून वाफा निघण्यापेक्षा खांदे आखडण्याची तक्रार त्या अधिक करतात.

मग हा सगळा त्रास पाश्चात्त्य कल्पनेतून आला का? इतकी घाई करू नका. परक्या बाईने विचारल्यावर कोण काय सांगते, हे प्रश्नावर आणि विचारणाऱ्यावर अवलंबून असते. नंतरच्या अनेक भारतीय पाहण्यांत झोप न येणे, चिडचिड, चिंता या तक्रारी सर्रास सापडतात. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर इतके म्हणता येते : शरीरातला डोलारा बहुतेकींचा हलतो, पण ती हलण्याची भीती किती वाटते हे आजूबाजूच्या माणसांवर ठरते. ज्या वयात सासूबाईंचे आजारपण, मुलांचे प्रवेश, नोकरीतली बढती आणि स्वतःची मोडलेली झोप एकत्र येतात, त्या वयात मान वाढण्याऐवजी कामच वाढत असेल, तर सुटका कसली?

९. आज तुम्ही काय करू शकता?

इतिहास वाचून हाती काहीतरी लागावे. म्हणून थोडे व्यवहाराचे.

- नोंद ठेवायला मदत करा. पाळीची तारीख, झोप, धडधड, वाफा हे दोन-तीन महिने वहीत लिहिले की डॉक्टरला चित्र दिसते. लागोपाठच्या पाळ्यांच्या अंतरात ७ किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, तर संक्रमण सुरू झाले असे मानतात. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असे धरतात.
- सगळे वयावर ढकलू नका. थायरॉइड बिघडला, रक्त कमी झाले तरी अशीच धडधड होते. दोन्ही तपासण्या साध्या आहेत. छातीत दुखले, दम लागला तर ताबडतोब डॉक्टर गाठा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तरी दाखवलेच पाहिजे.
- झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्यांची सवय लागते. सर्पगंधा किंवा कोणतीही मुळीही वैद्याला वा डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.
- बोलण्याचा उपचार खरा उपचार आहे. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी ही पद्धत या काळातल्या चिंतेसाठी ब्रिटनच्या २०१५ च्या अधिकृत मार्गदर्शिकेतही सुचवलेली आहे. हार्मोन घ्यायचे की नाही हे स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून ठरवावे.
- चालणे, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणे, झोपायची खोली थंड ठेवणे याने फरक पडतो. सकाळचा डबा तुम्ही केलात आणि तिला एक तास जास्त झोपू दिलेत, तर त्यानेही पडतो.
- जगणे नकोसे वाटते असे ती म्हणाली तर ते हसण्यावारी नेऊ नका, तिला एकटे सोडू नका. 'टेलिमानस' ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

सारांश

पाळी जाण्याच्या वयातल्या घालमेलीला आधी नाव नव्हते. मग तिला वेड म्हटले गेले, तेव्हा वाट्याला इस्पितळाच्या भिंती आल्या. मग कमतरता म्हटले गेले, तेव्हा सर्वांना एकच गोळी आली. 'स्वभाव' म्हटले की काहीच येत नाही. श्रीरामपूरचे १८८३ चे भाषण आणि कारमायकेल कॉलेजातली १९३३ ची ओपीडी या दोन घटना वेगळ्या दिशेच्या आहेत. बाईला आपला त्रास आपल्या शब्दांत, लाज न बाळगता सांगता यावा, अशी जागा त्यांनी मागितली किंवा उभी केली. उपचार बदलत राहतील. ही जागा मात्र प्रत्येक घराला आपल्या परीने करता येते. 'तुझं वयच तसं आहे' या वाक्याऐवजी 'काल रात्री झोप लागली का?' एवढे विचारले तरी तिची सुरुवात होते.

विचारासाठी प्रश्न

१. मनोरुग्णालयांच्या वार्षिक अहवालांतले तक्ते इतिहासाचे साधन म्हणून वापरताना कोणत्या मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात?
२. सरासरी आयुर्मानाच्या आकड्यावरून 'पूर्वी हा प्रश्न नव्हता' असा निष्कर्ष काढणे का चुकीचे आहे?
३. सर्पगंधेच्या कोलकाता ते न्यूयॉर्क या प्रवासात पारंपरिक ज्ञान आणि प्रयोगशाळा यांचा वाटा वेगवेगळा करून लिहा.
४. सर्वसाधारण इस्पितळातली मनोविकार ओपीडी आणि वेगळे मनोरुग्णालय यांची रुग्णाच्या बाजूने तुलना करा.
५. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या साठीपुढच्या एखाद्या स्त्रीला, तिची तयारी असेल तरच, तिच्या या वर्षांबद्दल विचारा. तिने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा, नाव लिहू नका. त्यांतले किती शब्द पाठ्यपुस्तकात सापडतात?